कौलुहू आणि तळटीप : शास्त्रीय पाठ्यग्रंथांच्या हवाल्याचा प्रश्न

संशोधननिबंधात पाठ्यपुस्तकाचा हवाला देऊ नये, हा संकेत आपल्या विद्यापीठांतून इतका रुळला आहे की त्यामागचे कारण विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. कारण तसे सरळ आहे. पाठ्यपुस्तक म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानाचे आटोपशीर आणि सुबोध केलेले रूप. तेव्हा विधानाचा भार मूळ शोधावर टाकावा, त्याच्या सारांशावर टाकू नये. पदार्थविज्ञानाच्या किंवा रसायनाच्या अभ्यासकापुरता हा नियम योग्यच आहे. परंतु तौलनिक साहित्याचा अभ्यासक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील भारतीय भाषांकडे वळतो, तेव्हा त्याच्यापुढे मूळ शोधलेख नसतात. जे असते ते शिकवण्यासाठी लिहिलेले, अनुवादिलेले, टीपांनी वेढलेले शास्त्रग्रंथ. येथे पाठ्यग्रंथ हेच प्राथमिक साधन ठरते, आणि नेमक्या याच ठिकाणी वरील संकेताने घडवलेली सवय घात करते. ज्याला आपण दुय्यम मानत आलो त्याचा हवाला कसा द्यावा, याचा विचारच आपण केलेला नसतो. मग पाठ्यग्रंथ निबंधात येतो तो यादीतील एक नाव म्हणून, किंवा ‘त्या काळी अमुक माहीत होते’ या विधानाचा पुरावा म्हणून.

हा प्रश्न नीट तपासायचा तर लखनौच्या चौकासारखे दुसरे ठिकाण नाही. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधला हा जुना बाजार आज चिकनकामासाठी, अत्तरांसाठी आणि कबाबांसाठी ओळखला जातो. पण याच चौकाच्या अंगाला फिरंगी महल आहे. कोणा युरोपीय व्यापाऱ्याच्या वास्तव्यामुळे हे नाव पडलेली ही वास्तू, मुल्ला कुत्बुद्दीन सिहालवी यांचा १६९२ मध्ये खून झाल्यानंतर, औरंगजेबाने त्यांच्या मुलांना दिली. त्यांपैकी मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला आणि उपखंडातील मदरशांत पुढे दोन शतके तो पायाभूत राहिला. व्याकरण, धर्मशास्त्र, हदीस यांबरोबर ‘माकूलात’ म्हणजे बुद्धिगम्य शास्त्रांना – तर्क, तत्त्वज्ञान, गणित, ज्योतिष यांना – या अभ्यासक्रमात मिळालेले स्थान हे त्याचे ठळक वैशिष्ट्य होय.

या अभ्यासक्रमावर लिहिणाऱ्या बहुतेक निबंधांत ग्रंथांची यादी येते. गणिताच्या रकान्यात युक्लिड असतो, बहाउद्दीन आमिलीचा ‘खुलासतुल हिसाब’ असतो, ज्योतिषात ‘तश्रीहुल अफ्लाक’ आणि ‘शरह चग्मिनी’ असते. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९९७ च्या आपल्या निबंधात ऑटोमन, सफावी आणि मोगल या तीन राज्यांतील अध्ययनग्रंथांच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्या. त्यामुळे एका विशाल प्रदेशातील विद्वान एकाच ग्रंथांवर वाढत होते ही गोष्ट प्रथमच डोळ्यांपुढे उभी राहिली. ते काम मोलाचे आहे, आणि त्याचा दोष असा काही नाही. दोष आहे तो त्या याद्या उचलून पुढे नेणाऱ्यांचा. ‘अठराव्या शतकातील लखनौत युक्लिड शिकवला जात असे’ हे वाक्य अशा निबंधांत सहज लिहिले जाते. प्रत्यक्षात दर्स-ए-निजामीच्या परंपरागत यादीत युक्लिडच्या अरबी संस्करणाचा केवळ पहिला मकाला, म्हणजे पहिला भाग आहे. ‘शरह चग्मिनी’चाही पहिलाच बाब. ग्रंथाचे नाव खरे, पण हवाला खोटा, अशी ही स्थिती. पाठ्यग्रंथाच्या बाबतीत ‘किती शिकवला’ हा तपशील ग्रंथाच्या नावाइतकाच आवश्यक असतो. कादंबरीचा हवाला देताना वाचकांनी ती कोणत्या पानापर्यंत वाचली हे सांगावे लागत नाही. पाठ्यग्रंथाचे तसे नाही.

याहून सूक्ष्म चूक दुसरी आहे. मुल्ला निजामुद्दीन यांची पद्धत अशी सांगितली जाते की प्रत्येक विषयातील एक-दोनच, पण अवघडात अवघड ग्रंथ शिकवावेत. ते पचले की त्या विषयातील बाकीचे वाङ्मय विद्यार्थी आपल्या बळावर वाचू शकेल. म्हणजे ग्रंथाची निवड त्यातील माहितीसाठी झालेली नव्हती. तो तालमीचा आखाडा होता. अशा ग्रंथाचा हवाला ‘त्यांना एवढेच ठाऊक होते’ या अर्थाने देणे म्हणजे पैलवानाच्या मुद्गलावरून त्याच्या शेतीची मोजदाद करण्यासारखे आहे. अभ्यासक्रम शिक्षकाचा हेतू सांगतो. समाजाच्या ज्ञानाची सीमा तो सांगत नाही.

मराठी वाचकाला याचे अगदी घरचे उदाहरण देता येईल. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून रचलेला आहे. ज्या-चापांची, म्हणजे त्रिकोणमितीची खटपट टाळून ग्रहस्थिती काढण्याची सोय त्याने केली. अहर्गण फुगू नये म्हणून अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे योजली. पंचांगकर्त्यांनी तो पिढ्यानपिढ्या वापरला. आता कोणी केवळ ग्रहलाघवाचा हवाला देऊन सोळाव्या शतकातील महाराष्ट्रात गणिताची पीछेहाट झाली होती असे म्हटले, तर ते विधान संदर्भासह असूनही चुकीचे ठरेल. कारण त्याच गणेशाने पुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत नियमांच्या उपपत्ती मांडल्या. सोपे करून देणारा आणि उपपत्ती सांगणारा माणूस एकच होता; त्याने दोन वेगळ्या वाचकांसाठी दोन वेगळ्या प्रकारचे ग्रंथ लिहिले. लेखकाचे नाव आणि वर्ष नोंदवणारी आपली तळटीप हा प्रकारभेद पुसून टाकते.

चौकातील परंपरेकडे स्वतःची हवाल्याची रीत होती, आणि ती कच्ची नव्हती. या विद्येचा पाया ‘मत्न’ म्हणजे मूळ सूत्रवजा ग्रंथ, त्यावर ‘शरह’, शरहवर ‘हाशिया’, आणि हाशियावरही हाशिया. हाशिया म्हणजे पानाची कड, ज्याला मराठीत समास म्हणतात. (आपल्याकडे दासबोधाच्या प्रकरणालाही समास हाच शब्द आहे हा योगायोग, पण समासात लिहिलेले गौण असते ही समजूत त्यामुळे थोडी तरी हलावी.) मुहिब्बुल्लाह बिहारी (मृत्यू १७०७) यांचा तर्कशास्त्रावरील ‘सुल्लमुल उलूम’ हा ग्रंथ घ्यावा. त्यावर मुल्ला हसन फिरंगी महली यांची शरह आहे, गोपामऊच्या काझी मुबारक यांची आहे, संडील्याच्या हम्दुल्लाह यांची आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी या शरहांची नावे काय होती? ‘मुल्ला हसन’, ‘काझी’, ‘हम्दुल्लाह’. मुल्ला सद्रांनी ‘हिदायतुल हिकमत’ या तत्त्वज्ञानग्रंथावर लिहिलेल्या शरहला नुसते ‘सद्रा’ म्हणत. ग्रंथाचे नाव गळून लेखक हाच ग्रंथ झाला. याला आळस म्हणता येईल. पण त्यात एक नेमकेपणाही आहे. ‘सुल्लम’ म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही; ‘काझी’ म्हटले की सुल्लम कोणाच्या डोळ्यांनी वाचला ते निश्चित होते.

हाशियातील अवतरणाची रीत तर विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. टीकाकार ‘कौलुहू’ – ‘त्याचे म्हणणे’ – असे लिहून मूळ वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द देतो, पुढे ‘इलख’ म्हणजे ‘अखेरपर्यंत’ अशी खूण करतो आणि आपले विवेचन सुरू करतो. संस्कृत टीकाकार मूळ श्लोकातील पहिला शब्द प्रतीक म्हणून घेऊन ‘इति’ने तो बंद करतो त्याच जातीची ही योजना. दोहोंमागे एकच गृहीत आहे : वाचकाजवळ मूळ ग्रंथ आहे, किंबहुना तो त्याला मुखोद्गत आहे. पृष्ठांक येथे निरर्थक होता, कारण पाने प्रतीप्रतीत बदलत. शब्द बदलत नसत. लखनौच्या शिळाछापाच्या प्रतींत ही सारी व्यवस्था छापील पानावर जशीच्या तशी उतरली. खिळ्यांच्या छपाईत जे जवळजवळ अशक्य होते ते शिळाछापात लेखनिकाच्या हाताने साधले. मध्ये मत्न किंवा शरह, भोवती कडांवर तिरप्या ओळींत हाशिया, ओळींच्या मधल्या जागेत शब्दार्थ. टीप जेथे संपते तेथे बऱ्याचदा ‘१२’ हा आकडा दिसतो. अबजद गणनेत ‘हद्द’ या शब्दातील ‘हे’ची किंमत आठ आणि ‘दाल’ची चार, तेव्हा बारा म्हणजे हद्द, टीपेची सीमा. टीप मूळ ग्रंथकाराचीच असेल तर तिच्या शेवटी ‘मिन्हु’ – ‘त्याच्याचकडून’ – अशी खूण असते. सुल्लमवर स्वतः बिहारींच्या अशा टीपा आहेत. कोणाचे वाक्य कोठे संपते आणि कोणाचे सुरू होते, याची ही जबाबदारीने ठेवलेली नोंद आहे.

आजच्या निबंधकाराच्या हातात अशी प्रत येते तेव्हा तो काय करतो? मुखपृष्ठावरील नाव घेतो, मुद्रणालय आणि वर्ष लिहितो, पृष्ठांक टाकतो. पानाच्या मधले वाक्य आणि कडेचे वाक्य एकाच पृष्ठांकाखाली, एकाच लेखकाच्या नावावर जमा होते. तेराव्या शतकातील चग्मिनी, पंधराव्या शतकाच्या आरंभी समरकंदात त्यावर शरह लिहिणारा काझीजादा रूमी आणि एकोणिसाव्या शतकातील लखनौचा टीपकार या तिघांना आपण एका पृष्ठांकात कोंबतो. मग ‘पारंपरिक ज्योतिष स्थितिशील होते’ असा निष्कर्ष काढणे फारच सोपे होते, कारण सहाशे वर्षांतील फरक नोंदवण्याची सोयच आपण आपल्या हवाल्यातून काढून टाकलेली असते. उल्रिके स्टार्क यांच्या २००७ मधील ग्रंथाने नवलकिशोर मुद्रणालयाचा – हे १८५८ मध्ये लखनौत सुरू झाले – सविस्तर इतिहास दिल्यापासून मुद्रणालयाचे नाव तळटीपेत काळजीपूर्वक येऊ लागले आहे. पानाच्या रचनेची नोंद मात्र अजूनही क्वचितच होते.

या परंपरेची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. टीकेवर टीका रचण्यात विद्या कोमेजते ही तक्रार बाहेरच्यांचीच होती असे नाही. लखनौतच १८९८ मध्ये दारुल उलूम सुरू करणाऱ्या नदवा चळवळीच्या मागे तीच तक्रार होती, आणि शिबली नोमानी यांनी जुन्या माकूलातप्रधान शिक्षणावर केलेली टीका त्या परंपरेतच वाढलेल्या माणसाची होती. परंतु शिकवण्याच्या रीतीतील दोष वेगळा आणि हवाल्याच्या रीतीतील गुण वेगळा. पहिल्यामुळे दुसरा रद्द होत नाही.

उलट, कोणता पाठ्यग्रंथ प्रमाण म्हणून पुढे करावा आणि कोणता करू नये, याचा सर्वांत कसून विचार फिरंगी महलमध्येच झालेला दिसतो. अब्दुल हय्य लखनवी (१८४८–१८८६) अवघे अडतीस-एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य जगले आणि त्या अवधीत त्यांनी असंख्य हाशिये व स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ‘अन-नाफिउल कबीर’ या त्यांच्या ग्रंथात हनफी धर्मशास्त्राच्या पुस्तकांची विश्वसनीयतेच्या दृष्टीने छाननी आहे. ज्या पुस्तकांच्या आधारे फतवा देऊ नये त्यांची कारणे ते नोंदवतात : काहींचे कर्ते अज्ञात आहेत, काहींत दुबळी वचने भरली आहेत, आणि काही पुस्तके त्यांच्या अतिसंक्षेपामुळे अशा कामाला निरुपयोगी आहेत. हे तिसरे कारण मननीय आहे. संक्षिप्त ग्रंथ वाईट असतो असे त्यांचे म्हणणे नाही. असे ग्रंथ शिकवलेच जात. पण संक्षेप हा गुरूच्या तोंडी विवरणाच्या भरवशावर केलेला असतो. ते विवरण काढून घेतले की उरलेले वाक्य वाचकाला भलतीकडे नेऊ शकते. म्हणून त्याचा हवाला एकट्याने देऊ नये, शरहसह द्यावा. शिकवण्यास योग्य असणे आणि हवाला देण्यास योग्य असणे या दोन भिन्न कसोट्या आहेत, ही जाणीव येथे स्पष्ट आहे. विषय धर्मशास्त्राचा असला तरी विचार पद्धतीचा आहे. ‘पाठ्यपुस्तकाचा हवाला देऊ नये’ हा आपला सरसकट नियम त्यापुढे फारच भोंगळ वाटतो. तो दर्जा पाहून नकार देतो. अब्दुल हय्य मात्र संक्षेपाचे स्वरूप पाहून अट घालतात.

चौकापासून गोमतीच्या दिशेने थोडे गेले की कैसरबागेच्या बाजूला तारेवाली कोठी लागते. आज तेथे बँक आहे. अवधच्या नवाबांनी १८३० नंतर उभारलेली ही वेधशाळा. कर्नल विलकॉक्स तिचे प्रमुख होते, ते १८४८ मध्ये वारले आणि पुढल्याच वर्षी वाजिद अली शाहने ती बंद केली. या वेधशाळेच्या नोकरीत सय्यद कमालुद्दीन हैदर यांनी अनेक इंग्रजी शास्त्रीय पुस्तिका उर्दूत आणल्या. अवधच्या राजांचा इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सर्वत्र उद्धृत होते. शास्त्रीय पुस्तिकांचा अनुवादक म्हणून ते तळटीपेत आले तरी मूळ इंग्रजी लेखकाच्या मागे. त्यांच्या अनुवादांपैकी एक लॉर्ड ब्रूमच्या १८२७ मधील प्रसिद्ध प्रबंधाचा. तो ‘मकासिद-ए-उलूम’ या नावाने १८४१ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. त्याच प्रबंधाचे मराठीकरण मुंबईत हरि केशवजी पाठारे यांनी ‘विद्येचे उद्देश, लाभ आणि संतोष’ या नावाने केले. एकाच इंग्रजी पुस्तकाच्या या दोन भारतीय आवृत्ती शेजारी ठेवल्या की हवाल्याचा प्रश्न साहित्याचा प्रश्न होतो.

दोन्हींच्या तळटीपा आजवर बहुधा एकाच साच्यात पडल्या : ‘ब्रूमच्या ग्रंथाचा अनुवाद’. एवढ्यावर थांबले तर दोन्ही पुस्तके उसनी ठरतात. मूळ पुस्तकाचा उल्लेखच केला नाही तर दोन्ही स्वतंत्र ठरतात, आणि मग लखनौ व मुंबई येथे एकाच सुमारास ‘विज्ञानविषयक नवी जाणीव’ उगवल्याचा चमत्कार दिसू लागतो, ज्यात चमत्कार काहीच नाही. लंडनची एक स्वस्त पुस्तकमाला दोन्ही ठिकाणी पोचली होती. परंतु मथळेच पाहा. इंग्रजीतील ‘सायन्स’ या एकवचनी शब्दासाठी लखनौच्या अनुवादकाने ‘उलूम’ हे अनेकवचन घेतले. चौकात ज्याला उलूम म्हणत त्यात तर्क होता, हिकमत होती, हिसाब होता. ब्रूमचे नवे शास्त्र त्या अनेकांच्या पंक्तीत येऊन बसले. मुंबईच्या अनुवादकाने ‘विद्या’ घेतली, जिच्यात कौशल्यही येते आणि मोक्षही येऊ शकतो. आणि ‘संतोष’ हा शब्द निवडून शास्त्रापासून होणाऱ्या आनंदाला संतवाङ्मयाच्या शेजारी नेऊन सोडले. त्या शब्दातील मजा मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. हे सारे तौलनिक अभ्यासाचे खरे द्रव्य आहे. ते हवाल्यात टिकायचे तर मूळ ग्रंथ, अनुवादक, दिलेले नाव आणि ज्या संस्थेसाठी तो झाला ती संस्था, या चारही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत.

हरि केशवजींचेच आणखी एक पुस्तक या संदर्भात महत्त्वाचे आहे : रसायनशास्त्रावरील संवादांचा १८३७ मधील मराठी अनुवाद. मूळ लेखिका जेन मार्सेट. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८०६ मध्ये निनावी निघाले आणि पुढे अनेक आवृत्त्यांपर्यंत निनावीच राहिले. अमेरिकेत निघालेल्या आवृत्त्यांवर प्रश्न आणि टीपा जोडणाऱ्या पुरुष संपादकांची नावे झळकली; लेखिकेचे नाव तेथेही नव्हते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेने ते वाचले आणि रसायनाकडे वळण्याचे श्रेय पुढे तिला दिले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्यातील ते संवाद. शंका विचारणे, चुकणे, सुधारणे हाच त्यांचा घाट. अशा पुस्तकातून प्राणवायूची व्याख्या तेवढी उचलून ‘१८३७ पर्यंत मराठीत ही संकल्पना आली होती’ असे लिहिणारा अभ्यासक पारिभाषिक शब्दाची नोंद करतो. पण ते वाक्य संवादातील कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, ते उत्तर आहे की दुरुस्त व्हावयाची चूक आहे, हे सांगत नाही. नाटकातील पात्राचे वाक्य नाटककाराचे मत म्हणून कोणी उद्धृत केले तर आपण त्याला हसतो. शास्त्रीय संवादग्रंथाच्या बाबतीत मात्र हीच चूक विद्वत्तेत खपते.

टॉमस कून यांनी १९६२ मध्ये मांडलेला विचार येथे हटकून पुढे केला जातो : पाठ्यपुस्तके शास्त्रातील क्रांत्या अदृश्य करतात, स्थिरावलेले ज्ञान ते जणू नेहमीच तसे होते अशा थाटात सांगतात. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण तो सर्व काळच्या पाठ्यग्रंथांचा धर्म आहे असे धरून चालणे अभ्यासकाला महागात पडते. आमिलीचा ‘खुलासतुल हिसाब’ हे अंकगणिताचे प्राथमिक पुस्तक. लखनौच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणारे. त्याच्या शेवटी आजवर कोणाला न सुटलेल्या सात प्रश्नांची यादी आहे, आणि एका घनाचे दोन घनांत विभाजन करावे हा त्यांपैकी एक. म्हणजे हे पुस्तक मुलाला बेरीज-वजाबाकी शिकवून शेवटी विद्येची सीमा दाखवते आणि तेथे सोडून देते. अशा पुस्तकाला केवळ बंदिस्त ज्ञानाचा साठा कसे म्हणावे? कून यांचा हवाला द्यावा, पण तो देण्याआधी आपल्या हातातले पुस्तक शेवटच्या पानापर्यंत पाहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

ग्रंथाचे पान, त्याची प्रत, त्याचा काळ बदलला की त्याचा अर्थ बदलतो ही गोष्ट जुन्या ग्रंथांपुरती नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील आनुवंशिकता व उत्क्रांती या विषयावरचे प्रकरण २०२२ मध्ये जाहीर झालेल्या कपातीनंतर केवळ आनुवंशिकतेपुरते उरले. पुस्तकाचे नाव तेच, इयत्ता तीच. मुद्रणवर्ष न देता या पुस्तकाचा हवाला देणाऱ्या निबंधावरून उद्याच्या वाचकाला मुले काय शिकत होती हे कळणार नाही. अशा पुस्तकांना संशोधनात मोजत नाहीत म्हणूनच त्यांची वर्षे लिहिण्याची तसदी घेतली जात नाही, हे दुष्टचक्र येथे उघडे पडते.

मराठीत या कामाचा कित्ता फार पूर्वी घालून दिला गेला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे पेशाने शाळाशिक्षक. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात होते. मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिले, आणि दक्षिणा प्राइज कमिटीच्या बक्षिसानिमित्त सिद्ध केलेला ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः शिकवण्याचा धंदा असल्यामुळे असेल, शिकाऊ ग्रंथाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तुच्छतेची नाही. सिद्धांत, तंत्र आणि करण हा भेद ते कायम जागा ठेवतात. करणग्रंथात गणिताच्या सोयीसाठी दिलेले आरंभवर्ष हा त्यांच्या दृष्टीने पुरावा ठरतो : ग्रंथकाराने विद्यार्थ्यासाठी ठेवलेला आकडा इतिहासकाराला ग्रंथाचा काळ सांगून जातो. टीका कोणाची, मूळ कोणाचे, हे वेगळे ठेवण्याकडे त्यांचे लक्ष असते. ‘सुबोध म्हणून कमी प्रतीचे’ हे समीकरण त्यांच्या विवेचनाला मानवत नाही.

या ग्रंथाचा पुढला प्रवास पुन्हा लखनौला येऊन पोचतो. शिवनाथ झारखंडी यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद ‘भारतीय ज्योतिष’ या नावाने उत्तर प्रदेश शासनाने १९५७ मध्ये लखनौहून प्रसिद्ध केला. इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग त्यानंतर, १९६९ मध्ये आला. मराठी न वाचणाऱ्या संशोधकाला दीक्षित प्रथम भेटले ते बहुधा या लखनौच्या आवृत्तीतून, आणि म्हणून संदर्भसूचींत ‘दीक्षित १९५७’ अशी नोंद रूढ झाली. त्या नोंदीत साठ वर्षे गळतात. जे पुस्तक केरोपंत छत्रे आणि टिळक यांच्या काळच्या पंचांगवादाच्या ऐन धुमश्चक्रीत लिहिले गेले ते स्वतंत्र भारताच्या हिंदी शासकीय प्रकाशनाच्या रूपात उभे राहते; त्यातील वादाचा सूर मग अकारण वाटू लागतो. अनुवादकाचे नाव गळते ते वेगळेच. आणि मराठीत लिहिणारा एखादा अभ्यासक हाताशी आहे म्हणून हिंदी आवृत्तीतला उतारा पुन्हा मराठीत फिरवून घेऊ लागला, तर दीक्षितांची मराठी दीक्षितांच्याच नावाखाली बदललेली असेल.

फिरंगी महलचा हाशियाकार अशा ठिकाणी काय करता? ‘कौलुहू’ लिहून दीक्षितांचे पहिले तीन शब्द त्यांच्याच मराठीत देता, ‘इलख’ म्हणून पुढे झारखंडींनी त्याचे काय केले ते सांगता, आणि आपले म्हणणे संपले त्या ठिकाणी बाराचा आकडा घालता. मराठीतील ‘हवाला’ हा शब्द अरबीतून आला तो कर्जाचा भार दुसऱ्यावर सोपवण्याच्या अर्थाने. व्यापाऱ्याच्या वहीत तो भार कोणाकडून कोणाकडे गेला याची प्रत्येक नोंद असे. ‘दीक्षित १९५७’ या दोन शब्दांत मधला धनी लिहिलेला नाही.